उद्याबाईंचा फळा

जे आज घडणार नाही, परंतु उद्या किंवा त्यानंतर घडेल, त्यासाठी संस्कृत वैयाकरणांनी क्रियापदाचे एक स्वतंत्र रूप राखून ठेवले आहे. आपण सामान्य माणसे इतकी काटेकोर नसतो. आपल्या तोंडचा उद्या हा बहुधा नकाराचाच एक सौम्य अवतार असतो. 'उद्या बघू' म्हणणारा उद्या काहीही बघत नाही, आणि ऐकणाराही ते मनोमन जाणून असतो. अशा या बेभरवशाच्या शब्दावर एका स्त्रीने एकोणीस वर्षे निष्ठेने विश्वास ठेवला आणि एका संपूर्ण शाळेला तो ठेवायला लावला. तिला सगळे उद्याबाई म्हणत. प्रथम चेष्टेने, मग सवयीने, आणि शेवटी ज्या दिवसाची ही हकीकत आहे त्या दिवसापासून काहीशा धाकाने.

बाई शाळेत आल्या त्या शिवणाच्या शिक्षिका म्हणून. बुटकी, काटकुळी मूर्ती. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधलेला दोरा मानेमागून गेलेला, आणि उजव्या बाहीवर खडूची पूड कायमची वस्तीला आलेली. इतर वर्गांत न खपणारी मुले शिवणाच्या तासाला धाडायची, अशी तेव्हा शाळेची रीत होती. त्यांतला एक तेरा वर्षांचा मुलगा सुईत दोरा ओवण्यात तासन्‌तास रमे. एके दिवशी आगीच्या सरावाची घंटा झाली आणि तो मुलगा किंचाळत शिलाई यंत्राच्या टेबलाखाली शिरला. त्याला बाहेर काढता काढता मधली सुटी उलटून गेली. बाहेर आल्यावर त्याने विचारले, "घंटा होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. काल सूचना आली होती."

"मग मला का नाही सांगितलं?"

सूचना शिक्षकांत फिरवली होती. मुलांना सांगायचे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्या सायंकाळी बाईंनी अडगळीतला एक जुना फळा मागून घेतला, पाण्याच्या टाकीशेजारच्या रिकाम्या खोलीबाहेर तो ठोकून घेतला आणि त्यावर रंगाने आठ चौकोन आखले. दिवसाचे तास आठ, म्हणून चौकोन आठ. दुसऱ्या दिवशी काय काय होणार ते त्यांत आदल्या दिवशी लिहायचे, आणि जे लिहिले ते घडलेच पाहिजे. एवढेच त्यांचे शास्त्र. पुढे त्यांनी या मुलांच्या शिक्षणाची रीतसर पदविका घेतली, पुष्कळ ग्रंथ वाचले. तथापि त्या शास्त्राचे मूळ सूत्र टेबलाखालून आले होते, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

आता, उद्याचे लिहायचे तर उद्याचे ठाऊक हवे. म्हणून रोज पावणेचारला बाई वही घेऊन शाळाभर फिरत.

"उद्या काय, मामा?" हा प्रश्न पहिल्यांदा घंटेखाली बसलेल्या शिपाईमामांना.

"उद्या? उद्या मी आणखी एका दिवसानं म्हातारा होणार."

"ते लिहीत नाही. बाकी?"

"टाकी धुवायला माणसं येणार आहेत. पंप लावतील. भोकाड पसरतो तो पंप."

"किती वाजता?"

"अहो बाई, ती काय राजाची स्वारी आहे का, वेळ कळवून यायला?"

"तुम्ही विचारा. त्यांनी नाही कळवलं तर तुम्ही कळवा."

मामा पुटपुटत उठत; परंतु विचारून येत. क्रीडाशिक्षक मात्र मुद्दाम अडवून धरीत. "उद्याचं देवालाही ठाऊक नसतं, आणि तुम्ही मला विचारता?"

"देवाचा तास नाही आपल्याकडे," बाई वहीतून मान न काढता म्हणत. "तुमचा तिसरा आहे."

अशा रीतीने शाळेतील प्रत्येक मनुष्य हळूहळू आपल्या शब्दाला बांधला गेला. फळ्यावर 'विज्ञान, प्रयोगशाळा' असे लिहिले असेल तर विज्ञानशिक्षिकेला प्रयोगशाळेतच जावे लागे, कारण टाकीशेजारच्या खोलीत बाई सांभाळीत ती नऊ-दहा मुले तेथे आधीच जाऊन बसलेली असत. कोणाच्या डोळ्यांपुढे अक्षरे नाचत, कोणाचे हात थरथरत, कोणाला शब्द कानापर्यंत येऊनही अर्थापर्यंत पोचत नसे, आणि तीन-चार मुले स्वमग्न होती. या शेवटच्या शब्दावर बाईंचा राग होता. त्या म्हणत, "ही मुलं स्वतःत बुडालेली नाहीत हो. आपल्या गोंगाटात बुडतायत. काठावर उभं राहून नाव ठेवायला काय जातं?"

या खोलीत पाच वर्षांपूर्वी एक मुलगी आली. आता ती पंधरा वर्षांची, बाईंहून वीतभर उंच. तिचे वडील शहरातल्या बसवर कंडक्टर. दोन शाळांनी तिला परत केले होते. घरी वडिलांनी आणलेली जुनी वेळापत्रके ती गोष्टीच्या पुस्तकांसारखी वाचीत असे, आणि तिचे बोलणेही थांब्यावरच्या घोषणेसारखे पूर्ण वाक्यांचे होते. वर्गातल्या मुलांनी तिचे नावच वेळापत्रक ठेवले.

"मामा, आज घंटा अकरा सेकंद उशिरा झाली."

"पोरी, तुझ्या घड्याळाला माझा साष्टांग सांग," मामा म्हणत. आणि दुसऱ्या दिवशी घंटा वेळेवर होई.

गणितात ती अतिशय तल्लख, भूगोलात नकाशे तोंडपाठ. निबंधात मात्र चार वाक्यांपुढे लेखणी अडे, कारण जे घडले नाही ते लिहायचे कशासाठी हे तिला उमगत नसे. सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याइतकी तिची तयारी होती. शालान्त परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली, आणि तेथेच घोडे अडले.

अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते. त्या सहीने मुलगी शाळेची विद्यार्थिनी म्हणून परीक्षेला बसते. तिला निराळी खोली, थोडा अधिक वेळ, कानांवर आवाज अडवणारे आवरण, हे सारे त्या एका सहीमागून येते. सही नसेल तर नाव पटावरून उतरते, आणि बाहेरून बसायचे तर कोणत्यातरी दूरच्या केंद्रात तीनशे जणांच्या सभागृहात. ते तिला शक्य नव्हते. म्हणजे सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर पुढचे सगळे दरवाजे बंद.

मुख्याध्यापक वाईट मनुष्य नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा शाळेचे छप्पर गळत होते. ते त्यांनी दुरुस्त करून घेतले. त्यांना शंभर टक्के निकालाची आस होती, आणि आस लागली की सज्जनालाही माणसांच्या जागी टक्के दिसू लागतात.

"बाई, मुलगी हुशार आहे, मान्य," ते म्हणाले. "पण परीक्षेला केंद्र अनोळखी, पर्यवेक्षक अनोळखी, बाकसुद्धा अनोळखी. तिथं तुमचा फळा कोण नेणार? डोक्यावर घेऊन जाल?"

"लागलं तर जाईन."

"मनाला लावून घेऊ नका, पण एकोणीस वर्षं तुम्ही या मुलांना सगळं आधी सांगत आलात. जग आधी सांगत नाही हो. कुबडी चांगली असते, पण तुम्ही त्यांना पाय आहेत हेच विसरायला लावलंत."

हे वाक्य बाईंना जिव्हारी लागले, कारण ते खोटे नव्हते. टेबलाखालच्या त्या मुलाला पुढे एका छापखान्यात काम मिळाले होते. तिसऱ्या दिवशी मालकाने यंत्राची जागा बदलली. तो घरी गेला तो परत गेलाच नाही. बाईंनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. शत्रूच्या तोंडून निघालेले सत्य कडू काढ्यासारखे असते. ते थुंकून टाकणारे पुष्कळ. बाईंनी ते घोटभर गिळले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग अचानकाचाही अभ्यास करू. तोवर तिचं नाव उतरवायचं नाही."

"सराव परीक्षेपर्यंत. पुढचं पुढे बघू."

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा चौथा चौकोन रिकामा होता.

"बाई, तुम्ही चौथा चौकोन विसरलात," मुलगी म्हणाली.

"विसरले नाही, बाळ. चौथ्यात काहीतरी वेगळं होईल. काय ते मलाही माहीत नाही. रोज चौथाच रिकामा राहील. दुसरा कुठलाच नाही."

मुलीने खडू घेतला आणि चौथ्या चौकोनात 'भूगोल' असे लिहिले. बाईंनी पुसले. तिने पुन्हा लिहिले. सात वेळा हे झाले. आठव्या वेळी खडू मोडला. मुलीने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला आणि अशी किंकाळी फोडली, की पाखरे टाकीवरून उडाली. वडिलांना बोलवावे लागले. ते गणवेशातच आले, कातडी पिशवी खांद्याला तशीच.

"बाई, तुम्ही? अहो, आधी सांगायचं असतं, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

"आताही सांगतेच आहे. बदल होणार, हे सांगते आहे. काय होणार, तेवढं सांगत नाही."

वडील मुलीशेजारी जमिनीवर बसले. मग त्यांनी पिशवीतून त्या दिवसाचे वेळापत्रक काढून तिच्यापुढे धरले. "पोरी, शेवटच्या थांब्यावर गाडी किती वाजता पोचते?"

"दहा वाजून तेवीस."

"आणि सुटते?"

"दहा वाजून तीस."

"मधे काय लिहिलंय?"

"काही नाही."

"ती सात मिनिटं कशासाठी, ठाऊक आहे? कधी रस्त्यात गर्दी, कधी टायर बसतो, कधी एखादी म्हातारी उतरायला वेळ घेते. काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून ती मोकळी ठेवतात. ती नसती, तर सगळ्या गाड्या चुकल्या असत्या."

मुलीने कागदाकडे निरखून पाहिले. "पण ती मिनिटं वेळापत्रकात आहेत."

"आहेत की. पक्की आहेत."

ती उठली, फळ्यापाशी गेली, आणि तिने रिकाम्या चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले: राखीव. ग्रंथांच्या राशीतून जे बाईंच्या हाती आले नव्हते, ते तिकिटांच्या पिशवीतून आले. बाईंनी त्या कंडक्टरला हात जोडले. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "अहो, हे तर आमच्यातला कोणीही सांगेल."

पुढचे दोन महिने चौथा तास हा शाळेचा आवडता खेळ झाला. एकदा विज्ञानशिक्षिका खिडकीतून वर्गात उतरल्या. एकदा क्रीडाशिक्षक कोट घालून आले आणि गंभीर चेहऱ्याने कविता शिकवू लागले. त्या दिवशी मुलीपेक्षा कवितेलाच अधिक धक्का बसला. "उद्याचं सांगत नाही," असे आता ते ऐटीत म्हणत, आणि बाई म्हणत, "सांगूच नका." मुलगी प्रत्येक वेळी मुठी आवळून उभी राही, मनात काहीतरी मोजी, आणि तास संपला की चौकोनात जे घडले ते नोंदवी: 'बाक उलटे. त्रास झाला. तीन मिनिटे.' पुढे 'एक मिनिट.' पुढे नुसतेच 'बाक उलटे.'

सराव परीक्षेच्या दिवशी मुख्याध्यापकांनी ऐन वेळी खोली बदलली आणि दुसऱ्या शाळेतला एक दाढीवाला पर्यवेक्षक आणून उभा केला. मुलगी दारात थांबली.

"तुम्ही फळ्यावर नाही," ती म्हणाली.

"मी... कुठे नाही?" त्या गृहस्थाने आपल्या कपड्यांकडे पाहिले.

मुलीने दप्तरातून आठ चौकोनांचा एक पुठ्ठा काढला, राखीव चौकोनात 'अनोळखी सर. दाढी.' असे लिहिले, आणि ती शांतपणे जाऊन बसली. सर्व विषयांत ती उत्तीर्ण झाली. गणितात वर्गात दुसरी आली. निबंधात काठावर वाचली. विषय 'मी पक्षी झालो तर' असा होता, आणि तिने 'मी पक्षी होणार नाही' येथून आरंभ केला होता.

निकाल आणि अर्ज घेऊन दोघी मुख्याध्यापकांच्या दालनात गेल्या. दुसऱ्या दिवशी सायंकाळी अर्जाची मुदत संपत होती. मुख्याध्यापकांनी कागद वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"छान आहे. फारच छान. उद्या बघू."

"उद्या किती वाजता?" मुलीने विचारले.

"अं? सकाळी. सव्वादहाला," ते वेळ मारून नेण्यासाठी म्हणाले. आयुष्यभर अशा वेळा त्यांनी कितीकांना दिल्या असतील! परंतु मुलगी तोवर बाहेर पडली होती. फळ्याच्या दुसऱ्या चौकोनात तिने ठळक लिहिले: 'सही. १०:१५. मुख्याध्यापकांचे दालन.' आपण बोलतो ती काळ्या दगडावरची रेघ. येथे तो दगड खरोखरच भिंतीला ठोकलेला होता, हे मुख्याध्यापक विसरले.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मुलगी दालनाच्या बंद दारापाशी उभी राहिली. शिपाईमामा आत जाऊन आले, आणि खाली मान घालून म्हणाले, "साहेब म्हणतात, आज कामात आहेत. नंतर ये."

"फळ्यावर नंतर नाही," मुलगी म्हणाली, आणि तेथेच उभी राहिली.

घंटा याच दाराबाहेर टांगलेली. व्हरांड्यातून मुलांची ये-जा, पाण्याच्या भांड्यांचा खणखणाट. मुलीने कानांवर हात घेतले आणि ती मागेपुढे डोलू लागली. अशा वेळी एकोणीस वर्षे बाई एकच गोष्ट करीत आल्या होत्या. मुलाला हलकेच धरून त्या टाकीशेजारच्या शांत खोलीत नेत. त्या आल्या, मुलीजवळ गेल्या, त्यांनी हात पुढेही केला. मग तो मागे घेतला, आणि त्या मुलीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

क्रीडाशिक्षक वर्ग घेऊन मैदानाकडे निघाले होते. "काय चाललंय, बाई?"

"दुसरा चौकोन चाललाय."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिले, मग आपल्या चाळीस पोरांकडे वळून ओठांवर बोट ठेवले. पोरे पायऱ्यांवर चिडीचूप बसली. जन्मात पहिल्यांदाच.

अकरा वाजले. तास बदलण्याची वेळ झाली. मामा घंटेपाशी आले, त्यांनी हातोडा हातात घेतला, आणि खाली उभ्या मुलीकडे पाहून थांबले.

"मामा, घंटेला एक मिनिट उशीर झाला आहे," मुलगी कानांवरचे हात न काढता म्हणाली. मामा हातोडा तसाच धरून उभे राहिले. "दोन मिनिटं."

"होऊ दे पोरी. पोर घंटेखाली उभं असताना मी टोला देत नसतो."

घंटा झाली नाही, म्हणून तास संपला नाही. तास संपला नाही, म्हणून कोणी वर्गाबाहेर पडेना. सगळी शाळा एका टोल्यावर अडून राहिली. सहाव्या मिनिटाला दालनाचे दार उघडले.

"मामा, घंटा का नाही? आणि हा काय तमाशा मांडलाय?"

"तमाशा नाही, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही वेळ दिली होती. आम्ही आलो आहोत."

"बाई, तुम्ही शाळा वेठीला धरताय. उद्या तुमच्यावर कारवाई झाली तर?"

"किती वाजता तेवढं सांगा. लिहून ठेवते."

पायऱ्यांवर कोणीतरी खुदकन हसले. मुख्याध्यापक लालबुंद झाले. परंतु ते बुद्धिमान होते, आणि त्यांना एक युक्ती सुचली. मुलीकडे वळून ते मऊ स्वरात म्हणाले, "बाळ, तुमच्या फळ्यावर तो रिकामा चौकोन असतो ना? अचानक बदलाचा? मग समज, आज हाच बदल झाला. सही आज नाही. शिकलीस ना तू ते? शाब्बास."

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांचेच शस्त्र त्यांच्यावर उलटले होते. त्या काही बोलणार, तोच मुलीने कानांवरचे हात खाली घेतले. तिचे डोलणे थांबले.

"रिकामा चौकोन चौथा आहे," ती म्हणाली. "सही दुसऱ्या चौकोनात आहे. दुसरा चौकोन राखीव नाही. सव्वादहाची वेळ तुम्ही सांगितली होती. आता अकरा वाजून आठ मिनिटं झाली आहेत. तुम्हाला त्रेपन्न मिनिटं उशीर झाला आहे."

कोणी हसले नाही. पायऱ्यांवरची चाळीस मुले मुख्याध्यापकांकडे पाहत होती. वर्गांच्या दारांतून डोकावणारे शिक्षक पाहत होते. आणि त्यांतल्या प्रत्येकाने त्या फळ्यासाठी कधी ना कधी आपला शब्द पाळला होता. पाळला नव्हता तो एकट्या मुख्याध्यापकांनी. मनुष्य पराभवाला भीत नाही इतका एकटेपणाला भितो.

त्यांनी हात पुढे केला. बाईंनी अर्ज दिला. लेखणी त्यांच्या खिशात होती. तरी ती शोधण्यात त्यांनी थोडा वेळ घालवला, आणि मग भिंतीवर कागद टेकवून उभ्याउभ्याच सही केली.

मुलीने सही जवळून पाहिली. "तारीख राहिली," ती म्हणाली.

त्यांनी तारीख घातली.

"मामा, आता घंटा द्या. मी कान झाकते." तिने कान झाकले, डोळे घट्ट मिटले, मामांनी टोला दिला, आणि अडलेली शाळा पुन्हा वाहू लागली. मुलगी भूगोलाच्या तासाला निघून गेली.

अर्ज बाईंनी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेऊन त्या परत आल्या. पावणेचार झाले होते. वही घेऊन त्या निघाल्या. मामांना विचारले, विज्ञानशिक्षिकेला विचारले, क्रीडाशिक्षकांना विचारले. मग ज्या दारावर त्या वही घेऊन एकोणीस वर्षांत, कोणत्याही मुख्याध्यापकांच्या काळात, कधी गेल्या नव्हत्या, कारण वरिष्ठांना उद्याचे विचारायचे नसते असा आपला समज आहे, त्या दारावर त्यांनी टकटक केली.

"सर, उद्या काय?"

मुख्याध्यापकांनी वर पाहिले. 'बघू' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला बाईंना स्पष्ट दिसला. तो तेथे क्षणभर घुटमळला. मग त्यांनी खण उघडून रोजनिशी काढली आणि पाने उलटीत विचारले, "पहिल्या तासापासून सांगू?"

"पहिल्या तासापासून," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वही उघडली. "चौथा सोडून."